देवरे सर, ओळख आधी कोणी दाखवायची?

सर, शुक्रवारी कॉलेजात तुमची शोकसभा झाली. तुमच्या फोटोला घातलेला झेंडूचा हार जरा जास्तच मोठा होता, त्यात तुमची हनुवटी बुडाली होती. प्राचार्य तुमच्या गणिताच्या निकालांबद्दल बोलले, वक्तशीरपणाबद्दल बोलले. मग चष्मा काढून पुसत त्यांनी सभागृहाला आवाहन केलं, "सरांच्या 'सोबती' उपक्रमाचा ज्यांना लाभ झाला, अशा विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी दोन शब्द बोलावेत."

कुणी उठलं नाही. हॉल गच्च भरला होता. जुनी मुलं आली होती, कुणी नोकरीवरून अर्धी रजा टाकून, कुणी कडेवर लेकरू घेऊन. पंख्यांचा तेवढा आवाज येत होता. प्राचार्य म्हणाले, "लाजू नका, बोला." तरी कुणी उठेना, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले, तुमची सहकारी म्हणून चार वाक्यं बोलले आणि खाली बसले. ती चार वाक्यं कुणाच्याही शोकसभेत चालली असती.

कुणी का उठत नाही, ते त्या हॉलमध्ये फक्त मला कळत होतं. उठलं की आपण कधीतरी 'सोबती'च्या खोलीत बसून रडलोय, हे अख्ख्या कॉलेजला कळणार. तिसऱ्या रांगेत एक होती, खांबाला टेकून एक उभा होता, दाराजवळ आणखी दोघं. मी एकेकाला ओळखलं आणि एकेकावरून नजर काढून घेतली, कारण तुमचा नियमच तसा. ओळख आपण दाखवायची नाही, त्यांनी दाखवायची. सगळा हॉल तुमच्यासाठी रडायला आलेला आणि कुणाला कुणाच्या गळ्यात पडता येत नव्हतं. असली शोकसभा तुमचीच होऊ शकते. मी घरी आले, दार लावून घेतलं, आणि तेव्हापासून तुमच्याशी भांडते आहे.

आपलं भांडण काही आजचं नाही. सुरुवात झाली तेव्हा मी मानसशास्त्राची आणि तुम्ही गणिताचे, म्हणजे या कामातलं मला कळतं आणि तुम्हाला काही कळत नाही, अशी माझी ठाम समजूत होती. मुलं मोठ्यांकडे यायला बिचकतात, पण बरोबरीच्या मुलाशी बोलतील. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची काही मुलं ऐकायला शिकवून तयार करायची, असा तो बेत. तो मी कुठल्याशा परिषदेत ऐकून आले होते आणि फार उत्साहात होते. प्राचार्यांनी जोडीला तुम्हाला दिलं, का, तर तुमच्याकडे त्या वर्षी दुसरी कुठली समिती नव्हती. मी कपाळाला हात लावला.

खोली मिळाली ती जिमखान्यामागची, क्रिकेटच्या मॅट ठेवायची. कितीही धुतली तरी तिथला काथ्याचा वास गेला नाही, आजही आहे. तुम्ही स्टाफरूममधल्या दोन खुर्च्या उचलून आणल्या आणि दुपारभर त्या मांडत बसलात. समोरासमोर ठेवल्या, म्हणालात, "नको, तोंडी परीक्षा वाटते." शेजारी ठेवल्या, म्हणालात, "नको, एसटी वाटते." शेवटी एक खुर्ची जराशी तिरकी केलीत, पाहायचं असेल तर पाहता येईल आणि नसेल तर खिडकीबाहेर बघता येईल अशी. मी थट्टा केली, गणिताच्या माणसाला कोन काढल्याशिवाय करमत नाही. तुम्ही हसलात आणि खडूने खुर्चीच्या पायांभोवती जमिनीवर खुणा केल्यात, झाडताना हलल्या तर परत ठेवता याव्यात म्हणून. दरवर्षी नवी मुलं त्या खुणा गिरवतात. का, ते आता त्यांनाही ठाऊक नसतं.

मुलांना शिकवायला मी तक्ते केले होते, भेंडीच्या भाजीसारखे चिरून-चिरून मुद्दे मांडलेले. तुम्ही मागच्या बाकावर बसून ऐकायचात. मुलं काही म्हणजे काही ऐकून घेत नव्हती. समोरच्याने 'घरी फार भांडणं होतात' एवढं म्हटलं की आपले सोबती सुरू, 'टेन्शन नको घेऊ', 'माझ्या घरी तर याहून जास्त होतात', 'तू योगा कर'. निफाडची कल्याणी आठवते ना? घरच्या द्राक्षबागेत दिवसभर मजुरांशी बोलत वाढलेली, तिचं तोंड मिनिटभर मिटत नसे. सरावात तिला सारखं थांबवावं लागायचं. शेवटी ती वैतागली.

"सर, हे लय अवघड हाय. सल्ला द्यायचा नाय, समजूत घालायची नाय, मंग आमी करायचं काय?"

तुम्ही म्हणालात, "बसायचं."

"नुसतं?"

"नुसतं बसून दाखव पाहू."

तिने बसून दाखवलं. हात चोळले, पाय हलवले, ओढणीचं टोक पिळलं, आणि खदखदा हसली. पुढे तीच कल्याणी आपली सगळ्यात चांगली सोबती झाली, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी खरं मानलं नसतं. शोकसभेला ती हॉलमध्ये होती, नवऱ्याबरोबर. तिने मात्र मला मिठी मारली, कारण ती ऐकणाऱ्यांतली, तिला लपवायचं काही नव्हतं. "मॅडम, आता कोन बसंल ओ?" एवढंच म्हणाली.

आणि नियमही तिच्यामुळेच आला. पहिल्याच वर्षी तिच्याशी बोलून गेलेली एक मुलगी तिला कँटीनमध्ये दिसली, तर हिने काळजीपोटी चार टेबलं ओलांडून विचारलं, "आता बरं वाटतंय का गं तुला?" त्या मुलीच्या मैत्रिणींनी माना वळवल्या. ती मुलगी त्यानंतर खोलीकडे फिरकली नाही. कल्याणी आठवडाभर रडत होती. तेव्हा तुम्ही सगळ्यांना बसवून सांगितलंत, इथे येऊन गेलेलं कुणीही बाहेर दिसलं तर ओळख आपण आधी दाखवायची नाही. फोन करायचा नाही, निरोप पाठवायचा नाही, पुढचं काय झालं विचारायचं नाही. त्यांनी मान हलवली तर आपण हलवायची. त्यांनी पाठ केली तर आपणही भिंतीवरचं वेळापत्रक वाचायचं.

मला तो नियम तेव्हाच खटकला होता. मी म्हटलं, "सर, एवढं अंतर? विचारपूस नको? ज्याला बोलता येत नाही तो मान कशी हलवेल?" तुम्ही म्हणालात, "येईल तेव्हा हलवेल." असली उत्तरं देऊन तुम्ही माझा फार छळ केलात.

नावं लिहायला तुमचा विरोध, मोजायलाही विरोध. मूल्यांकनाची समिती आली, त्यांनी विचारलं, वर्षभरात लाभार्थी किती. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मोजले नाहीत." समितीतल्या बाईंनी विचारलं, "आपला विषय?" तुम्ही म्हणालात, "गणित." प्राचार्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तुम्ही गेल्यावर समजलं की मला हा प्रसंग सांगायला आता कुणीच उरलेलं नाही. ज्याच्याबरोबर हसले तोच गेला.

गेटपर्यंत सोडायला जाण्याची पद्धतही तुमचीच. बोलणं संपलं की सोबत्याने उठून त्या मुलाबरोबर गेटपर्यंत चालायचं, काही न बोलता. तुमचं म्हणणं, खोलीत माणूस जे बोलायला येतो ते बोलत नाही, ते गेटपाशी बोलतो, रिक्षाला हात करता करता. मी हसण्यावारी नेलं, आणि मग स्वतः चालून पाहिलं तर दर वेळी तसंच. 'जाऊ का मग' म्हटल्यावर एकेकाच्या तोंडून काय काय निघालं ते तुम्हाला माहीत आहे आणि मला. इथे लिहिणार नाही.

ओझरच्या त्या मुलाचं नावही लिहिणार नाही. परीक्षेचे दिवस होते, खोलीवर एकही सोबती नव्हता, म्हणून तुम्हीच बसला होतात. तो आला आणि अख्खा तास काही बोलला नाही. मी मधे डोकावून गेले, तर तुम्ही दोघं खिडकीबाहेर बघत बसलेले, जसे काही बाहेर सामना चालू आहे. मग तुम्ही त्याला सोडायला गेटपर्यंत गेलात. मी तिथेच वडापावच्या गाडीपाशी उभी होते, म्हणून ऐकलं. तो म्हणाला, "मी ओझरचा आहे. स्टँडसमोर चहाची टपरी आहे ना, तिच्या मागंच घर." आणि थोड्या वेळाने, "परत आलो तर चालंल का?"

तुम्ही म्हणालात, "ये की. मी आठेच शे."

तुमच्या सटाण्याकडच्या अहिराणीतलं हे एक वाक्य सगळ्या कॉलेजला पाठ होतं. स्टाफरूममध्ये कुणी 'देवरे सर कुठे आहेत' म्हणून हाक मारली की कोपऱ्यातून तुमचा आवाज यायचा, मी आठेच शे, म्हणजे मी इथेच आहे. शिपाईसुद्धा तुमची नक्कल करायचे. त्या मुलालाही तुम्ही तेवढंच म्हणालात. तो हसल्यासारखा दिसला आणि बसकडे गेला.

तो परत आला नाही. पुढच्या सत्रात तुमच्या वर्गातही दिसेना, मग कळलं की त्याने कॉलेज सोडलंय. वडील फॅक्टरीत, मुलाने पण तिथेच शिकाऊ म्हणून लागावं असा घरचा धोशा होता, एवढी वर्गातल्या मुलांकडून माहिती मिळाली. मी फोन करू म्हणून हट्ट धरला. कार्यालयात नंबर होता, एक फोन करायला काय जात होतं? तुम्ही नाही म्हणालात. मी म्हटलं, "एक पोरगं तुमच्यासमोर तासभर गप्प बसतं, परत येऊ का विचारतं, आणि नाहीसं होतं. आणि तुम्ही नियम सांगता?" तुम्ही पेपर तपासत होतात. मान वर न करता म्हणालात, "फोन घरचा आहे, मॅडम. कोण उचलेल सांगता येत नाही." मी म्हटलं, "तुम्ही त्याला सोडून दिलंत." तुम्ही लाल पेनाने गुण देत राहिलात. तुमच्या त्या गप्प राहण्याचा मला इतका राग आला होता की आठवडाभर मी तुमच्या डब्यातलं काही खाल्लं नाही.

मग अविनाश गेला. माझा नवरा गेला त्या वर्षाबद्दल आपण कधी बोललो नाही, म्हणून आता बोलते. चौदाव्यानंतर मी कामावर आले तर सगळे येऊन विचारून गेले. कशी आहेस, जेवतेस का, झोप लागते का. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी विचारलं आणि मग कुणी विचारेनासं झालं, जसं सगळीकडे होतं. तुम्ही मात्र एकदाही विचारलं नाहीत. फक्त तुमची खिडकीजवळची, पंख्याखालची जागा सोडून माझ्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसू लागलात. मी विचारलं तर म्हणालात, "तिकडं ऊन येतं फार." आणि रोज तिथे बसून पेपर तपासलेत, चहा आला की माझा कप माझ्याकडे सरकवलात, कधी वहिनींनी दिलेली शेंगदाण्याची चटणी. मी एकदा अविनाशच्या स्कूटरबद्दल बोलायला लागले, ती विकावी की नको. तास संपल्याची घंटा झाली, तुमचा पुढचा तास होता, तरी तुम्ही उठला नाहीत. वर्गातून एक मुलगी बोलवायला आली तेव्हा गेलात. स्कूटर अजून माझ्याकडेच आहे.

पण मला तेव्हा हे काही दिसत नव्हतं. मला दिसत होतं ते एवढंच की दुनियेला ऐकायला शिकवणारा माणूस वर्षभर माझ्यासमोर बसतो आणि मला एका शब्दाने विचारत नाही. वर्ष उलटल्यावर एकदा माझा तोल गेलाच. स्टाफरूममध्ये आपण दोघंच होतो. मी म्हटलं, "वर्ष झालं सर. एकदा तरी विचारायचं होतंत."

तुम्ही म्हणालात, "तुम्ही ओळख दाखवली नाहीत, मॅडम."

"मी काय तुमच्या खोलीत येणारी पोरगी आहे?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. काहीतरी म्हणणार होतात, तेवढ्यात शिपाई पगाराच्या कागदांवर सह्या घ्यायला आला. तुम्ही सही केलीत आणि तासाला निघून गेलात. ते तुम्ही काय म्हणणार होतात, सर? त्यानंतर किती चहा झाले, किती परीक्षा झाल्या, मुलांच्या किती नव्या तुकड्या आपण शिकवून काढल्या, पण त्या विषयावर आपण परत आलो नाही. मला वाटायचं, तुम्ही निवृत्त झालात की एकदा घरी येऊन गाठीन आणि काय ते वसूल करीन. तुम्ही सकाळी फिरून आलात, चपला काढल्यात, सोफ्यावर टेकलात, वहिनी चहा घेऊन आल्या तर तुम्ही नव्हतात. इतक्या घाईने तुम्ही कधी वर्गातूनसुद्धा बाहेर पडला नाहीत.

रामकुंडावर दहाव्याला मी लांब उभी राहिले. बायकांमध्ये उभं राहावं तर मी नात्यातली नाही, पुरुषांमध्ये स्टाफ उभा होता. कावळा लगेच शिवला, सगळे म्हणाले, सरांचं काही मागे राहिलं नव्हतं. मला ते पटलं नाही. माझ्याशी बोलायचं राहिलं होतं की.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. म्हणाले, "मॅडम, आता 'सोबती'ची सूत्रं तुमच्याकडे. जरा आधुनिक करू. खोलीत येऊन गेलेल्या प्रत्येकाचा नंबर घ्यायचा, दर आठवड्याला फोन करून विचारपूस करायची. तुमचाच आग्रह होता ना पूर्वी?" होता. इतकी वर्षं मी जे मागत होते ते बसल्या जागी माझ्या पदरात पडलं. मी 'सोमवारी सांगते' म्हणून बाहेर आले आणि सवयीने स्टाफरूमच्या कोपऱ्याकडे वळले, तुम्हाला सांगायला, की बघा, माझं झालं खरं. माझ्या टेबलाच्या त्या टोकाला कुणीतरी प्रोजेक्टच्या फायलींचा गठ्ठा ठेवला होता. तुमची जुनी जागा, खिडकीजवळची, मोकळी होती, म्हणून मी तिथे जाऊन बसले. पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत अधूनमधून येऊन बसत राहिले. सर, त्या खिडकीत दिवसभरात कधीही ऊन येत नाही.

संध्याकाळी तशीच म्हसरूळला तुमच्या घरी गेले. वहिनी एकट्याच होत्या, मुलगा पुण्याला परत गेला होता. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मीही समोर बसून निवडायला घेतली. बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही, आणि ते तुमच्या घरात साहजिक वाटलं.

मग त्या म्हणाल्या, "ही इथल्या नाक्यावरची. ह्यांना नाही आवडायची. हे ओझरहून आणायचे."

"ओझरहून? मेथी?"

"दर रविवारी. निमाणीवरून बस पकडायची आणि ओझरला जायचं. मी म्हणायची, अहो नाक्यावर ढीग पडलेत भाजीचे, तुम्ही कुठं फॅक्टरीच्या गावाला मेथी आणायला जाता. तर म्हणायचे, तिथली मेथी कोवळी असते." वहिनींनी एक जाड देठ मोडून बाजूला टाकला. "कोवळी कसली. दुपारी येईपर्यंत मान टाकलेली असायची. सकाळी जाऊन उन्हाचे परत यायचे. मी विचारायची, एवढा वेळ काय करत होता? तर म्हणायचे, स्टँडसमोर चहा घेत बसलो होतो. कुणी भेटलं का? तर नाही. दर वेळी तेच, कुणी नाही भेटलं, पण मेथी चांगली मिळाली. मला वाटायचं, कंटाळलेत घराला."

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. कधीपासून जायचे म्हणून मी विचारलं. त्यांना नीट सांगता येईना, पण मधला उन्हाळा, मधली दिवाळी त्या आठवत गेल्या आणि मला कळत गेलं. स्टँडसमोरची चहाची टपरी, आणि तिच्या मागे घर.

मी त्यांना काही सांगितलं नाही. ते सांगायचं माझ्या हातात नव्हतं. एवढंच म्हटलं, "घराला नव्हते कंटाळले, वहिनी. कामाला जायचे ते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मेथीच्या काड्या पेपरमध्ये गुंडाळताना डोळे पुसले.

तुमचा मला एवढा राग कधी आला नव्हता. 'तुम्ही त्याला सोडून दिलंत' असं मी तोंडावर म्हटलं, तेव्हा सांगायचं नाही का? त्या मुलाचं तुमच्यापाशी काय होतं ते नका सांगू, पण एवढं तरी, की मी दर रविवारी तिथे जाऊन बसतो म्हणून. मी पण आले असते. एका रविवारी तुम्ही, एका रविवारी मी. तुम्ही सगळ्या मुलांना नियमाचं एकच अंग शिकवलंत, की ओळख आपण दाखवायची नाही. दुसरं अंग, की दिसेल अशा जागी जाऊन बसायचं, ते तुम्ही एकट्याने करत राहिलात. माझ्या टेबलापाशीसुद्धा. आणि अजूनही मी म्हणते, तुम्ही थोडे चुकलातच. सगळ्यांच्या नशिबी समोर येऊन बसणारे देवरे सर नसतात, आणि मान हलवण्याचं बळही सगळ्यांत नसतं. यावर तुमचं काय म्हणणं आहे? बोला ना.

काल रविवार होता. मी निमाणीवरून बस पकडली.

ओझरच्या स्टँडसमोर टपरी आहेच. पत्र्याची, पुढे एक लाकडी बाक, रस्त्याकडे तोंड केलेला. एक मावशी चहा करत होत्या. मी चहा सांगितला आणि बाकावर बसले. फॅक्टरीच्या पाळीची माणसं नसावीत, रविवार म्हणून गर्दी कमी होती. भाजीवाल्या बायका पलीकडे बसल्या होत्या. मागे गल्ली होती, तिच्यातून पोरं सायकलवर ये-जा करत होती, एक मोठासा मुलगा गॅसची टाकी खांद्यावर घेऊन गेला. मी प्रत्येकाकडे पाहिलं आणि नजर फिरवली. तो मुलगा आता ओळखू तरी येईल का मला? मी त्याला एकदाच पाहिलं होतं, तेही पाठीकडून जास्त.

मावशींनी चहा आणून दिला आणि जरा थबकल्या.

"तुमी कॉलेजच्या का वो?"

"हो. का?"

"नाय, एक सर येतात आमच्याकडं. ह्याच बाकावर बसतात, रैवारच्या रैवार. दोन-तीन रैवार झालं, आले नाय. आजारी हायेत का?"

मी विचारलं, "त्यांना भेटायला यायचं का कुणी?"

"नाय बा. येकटेच बसायचे. येनाऱ्या-जानाऱ्याकडं पाहात. मी म्हनायची, सर, कोनाची वाट पाहाता? तर हसायचे. कवा कवा लय ऊन झालं तरी उठायचे नाय."

मग मी सांगितलं. सर गेले, असं मी आजवर कुणाला स्वतःच्या तोंडाने सांगितलं नव्हतं, सगळ्यांना आधीच कळलेलं होतं. मावशींनी हातातलं फडकं तोंडाला लावलं. स्टोव्ह बारीक केला. येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

"तुमी त्यांच्या कोन?" त्यांनी विचारलं.

सहकारी, हा शब्द तोंडात आला होता. शुक्रवारी हॉलमध्ये तोच वापरला होता मी. प्राचार्यांनी ज्यांना लाभ झाला त्यांना उठायला सांगितलं, तेव्हा सगळ्यांत आधी मी उठायला हवं होतं, सर, आणि मी तुमची सहकारी म्हणून उभी राहिले. तुमच्या त्या अर्ध्या राहिलेल्या उत्तरात काय होतं, ते मला त्या बाकावर बसून कळलं असं नाही म्हणणार. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत होतं. मी काय तुमच्या खोलीत येणारी पोरगी आहे? होते. वर्षभर होते. त्यानंतरही होते.

"मी त्यांच्याकडे येणाऱ्यांतली," मी मावशींना म्हटलं. "माझे मिस्टर गेले, तेव्हा ते रोज माझ्यापाशी बसायचे. आता ते गेल्यापासून मला फार एकटं वाटतं."

मावशींनी मान हलवली. काही विचारलं नाही त्यांनी. गल्लीतून सायकली जात-येत राहिल्या, समोर कुणी मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होतं.

थोड्या वेळाने गिऱ्हाईक आलं म्हणून त्या उठल्या. मला म्हणाल्या, "बसा तुमी. घाई नाय ना?"

मी म्हटलं, "नाही. मी आठेच शे."